वाहनाचा ठावठिकाणा : गोल्फच्या मैदानापासून गावच्या विहिरीपर्यंत

नाशिक शहरात त्र्यंबक नाक्याच्या परिसरात एक विस्तीर्ण मैदान आहे. कागदोपत्री त्याचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असे आहे. कलेक्टर जॅक्सन याच्यावर १९०९ साली गोळी झाडून १९१० च्या एप्रिलमध्ये फासावर गेलेल्या तरुणाचे ते स्मरण होय. तथापि नाशिककर आजही रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ असेच सांगतो. इंग्रजी अमदानीत साहेब लोक येथे ज्या खेळासाठी जमत, त्या खेळाची तेवढीच नावापुरती खूण शिल्लक राहिली आहे. आता तेथे क्रिकेटचे सामने होतात, सभा भरतात आणि पहाटे शेकडो लोक फिरावयास येतात.

या नावापासून आजच्या विषयास प्रारंभ करण्यास एक कारण आहे. गोल्फचे अठरा खळग्यांचे पुरे मैदान पन्नास-साठ हेक्टर किंवा त्याहूनही अधिक जमिनीवर पसरलेले असते. एका खळग्याकडून दुसऱ्याकडे जाण्यासाठी खेळाडू विजेरीवर चालणारी लहानशी गाडी वापरतात. पुरा खेळ संपण्यास सुमारे चार तास लागतात आणि पुढची एक टोळी रेंगाळली की मागच्या सर्वांचा खोळंबा होतो. शिवाय पावसानंतर ओल्या हिरवळीवर चाके गेली की चरे पडतात. खळग्याभोवतीचे मखमली गवत तर गाडीचा भार मुळीच सोसत नाही. म्हणून परदेशांतील मोठ्या मैदानांवर १९९० च्या दशकापासून या गाड्यांवर जागतिक स्थाननिश्चिती प्रणालीची, म्हणजेच जीपीएसची, यंत्रे बसविण्यात येऊ लागली. मैदानाच्या नकाशावर एक आभासी कुंपण आखलेले असते. गाडी त्या कुंपणापाशी आली की चालकास सूचना मिळते. तरीही ती पुढे गेली तर तिचा वेग आपोआप कमी होतो किंवा ती जागीच थांबते. कार्यालयात बसलेल्या व्यवस्थापकास कोणती टोळी कोठे अडकली आहे ते पडद्यावर दिसते व तो एखाद्या माणसास तिकडे पाठवितो.

श्रीमंतांच्या खेळातील ही सोय पंचायत सदस्यांना व शिक्षकांना सांगण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो योग्यच म्हणावा लागेल. त्याचे उत्तर असे की, त्याच जातीचे यंत्र आज नाशिकच्या घंटागाडीवर आहे, शहर बसगाडीवर आहे आणि टंचाईच्या काळात गावोगाव पाणी नेणाऱ्या टँकरवरही आहे. गोल्फच्या मैदानावर त्याचे काम अगदी सुटसुटीत रूपात पाहावयास मिळते, कारण तेथे जमीन बंदिस्त असते, गाड्या मोजक्या असतात आणि कोणी कोठे जावे हे आधी ठरलेले असते. शहरात व जिल्ह्यात यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही. तेथे हे यंत्र काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे नीट समजून घेतले नाही तर शासनाचा पैसा खर्च होतो, पडद्यावर ठिपके हलताना दिसतात आणि विहीर मात्र कोरडीच राहते.

प्रथम एक सर्वसाधारण गैरसमज दूर केला पाहिजे. उपग्रह आकाशातून गाडीकडे पाहत असतो, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः आकाशवाणीचे केंद्र ज्याप्रमाणे श्रोत्याला पाहत नाही, त्याप्रमाणेच उपग्रहही गाडीला पाहत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून तो केवळ आपली वेळ व आपले स्थान सांगत राहतो. गाडीतील यंत्र किमान चार उपग्रहांचे संदेश ऐकते, प्रत्येक संदेश पोहोचण्यास किती वेळ लागला याचा हिशेब करते आणि त्यावरून स्वतःचे ठिकाण काढते. हा हिशेब कल्पनातीत बारीक असतो. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर ठिकाण ३०० मीटरने चुकते. म्हणूनच प्रत्येक उपग्रहावर अणुघड्याळे असतात. गाडीने काढलेले ठिकाण कार्यालयापर्यंत पोहोचविण्याचे काम मात्र उपग्रहाचे नसून यंत्रात बसविलेल्या मोबाइलच्या साध्या सिमकार्डाचे असते. हा भेद ध्यानात ठेवावा, कारण पुढे सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत त्याचा प्रत्यय येतो.

ही प्रणाली अमेरिकेच्या लष्कराने उभारली. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडण्यात आला. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकलेले एक कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले, त्यानंतर ही सेवा नागरी वापरासाठी खुली करण्याचे अमेरिकेने जाहीर केले. तरीही नागरी संदेशांत बुद्ध्याच काही चूक मिसळलेली असे. ती मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली आणि सामान्य माणसाला मिळणारी अचूकता एकदम वाढली. भारतानेही परावलंबन टाळण्याच्या हेतूने स्वतःची प्रणाली उभारली. १ जुलै २०१३ रोजी तिचा पहिला उपग्रह गेला, एप्रिल २०१६ मध्ये सातवा गेला आणि तिला ‘नाविक’ हे नाव देण्यात आले. पहिल्या उपग्रहावरील अणुघड्याळे बंद पडल्याने त्याच्या जागी २०१८ मध्ये दुसरा पाठवावा लागला, तर मे २०२३ मध्ये सोडलेल्या उपग्रहावर भारतात तयार झालेले अणुघड्याळ बसविण्यात आले. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांवर ठावठिकाणा सांगणारे यंत्र व संकटकाळी दाबावयाचे बटण केंद्र शासनाने आवश्यक केले. दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये धावत्या बसमध्ये घडलेल्या अमानुष घटनेनंतर सार्वजनिक वाहनांतील सुरक्षिततेची जी मागणी देशभर झाली, तिची ही फलश्रुती होय.

आता नाशिककडे वळू. नाशिक महानगरपालिकेची स्थापना १९८२ साली झाली. तिचे क्षेत्र सुमारे २५९ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. पूर्वी शहर बससेवा एस. टी. महामंडळ चालवीत असे. ८ जुलै २०२१ रोजी महानगरपालिकेची ‘सिटीलिंक’ बससेवा सुरू झाली. या सेवेत बसगाड्या ठेकेदारांच्या असतात आणि त्यांना मोबदला धावलेल्या किलोमीटरांवर मिळतो. साहजिकच गाडी खरोखर किती धावली, कोणत्या मार्गाने धावली, थांब्यावर वेळेवर आली की नाही, याची नोंद हाच देयकाचा आधार ठरतो. कारकुनाने वहीत लिहिलेल्या आकड्यापेक्षा यंत्राचा आकडा निश्चितच भरवशाचा. प्रवाशालाही आपली बस कोठे आली आहे हे मोबाइलवर पाहता येते, ही सोय लहान नाही.

परंतु किलोमीटरवर मोबदला दिला की रिकामी बस आणि भरलेली बस यंत्राच्या लेखी सारखीच ठरते. त्यासाठी तिकिटांचा हिशेब शेजारी ठेवून पाहावा लागतो. पुढे वाहकांच्या थकलेल्या वेतनावरून ही सेवा एकाहून अधिक वेळा बंद पडली. अशा दिवशी सर्व बसगाड्या आगारात उभ्या आहेत एवढेच यंत्रणा अचूकपणे सांगू शकते. त्या का उभ्या आहेत, याचे उत्तर वेतनपत्रकात असते. ते उपग्रहाकडे मागण्यात अर्थ नाही.

घंटागाडीची गोष्ट याहून बोधप्रद आहे. दारात घंटा वाजली की गृहिणीने कचरा घेऊन यावयाचे, ही पद्धत नाशिकच्या अंगवळणी पडून आता दोन तपांहून अधिक काळ लोटला. सहाही विभागांतून कचरा गोळा करून या गाड्या पाथर्डी शिवारातील खतप्रकल्पाकडे जातात. गाडी आलीच नाही, अर्ध्या गल्लीतून परत गेली, अशा तक्रारी प्रत्येक शहरात असतात, तशा येथेही होत्या. महानगरपालिकेने गाड्यांवर जीपीएस बसविण्याची अट ठेकेदारांना घातली, ती याच कारणास्तव.

गाडी ठरलेल्या गल्लीतून गेली की नकाशावर रेघ उमटते. ती रेघ पाहून अधिकाऱ्याचे समाधान होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात गाडी दारोदार थांबत गेली असेल, अथवा एकही थांबा न घेता भरधाव निघून गेली असेल आणि बादल्या हातात घेतलेल्या बायका मागे धावत राहिल्या असतील. दोन्ही प्रसंगी रेघ तीच उमटणार. म्हणून नुसती रेघ न पाहता गाडीचा वेग व थांब्यांची संख्या पाहिली पाहिजे. ही माहिती यंत्र देतच असते, फक्त ती कोणी मागत नाही.

याच्या उलट अन्यायही घडू शकतो. जुन्या नाशकात भद्रकाली, दहीपूल, सराफ बाजार या भागांत वाड्यांच्या दुतर्फा भिंतींमधून गेलेल्या गल्ल्या इतक्या चिंचोळ्या आहेत की, आकाशाची केवळ एक पट्टी दिसते. उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून, वळसा घेऊन येतो आणि मोकळ्या मैदानावर चार-पाच मीटरांत येणारे ठिकाण येथे बरेच सरकते. शेजारशेजारच्या दोन गल्ल्यांपैकी गाडी कोणत्या गल्लीत होती हे यंत्राला सांगता येत नाही. पुष्कळदा तर गाडी गल्लीच्या तोंडाशीच थांबते आणि कामगार आत पायी जाऊन कचरा आणतो. काम पूर्ण झालेले असते, नकाशावर मात्र ‘गाडी गेली नाही’ अशी नोंद पडते आणि दंडाची नोटीस निघते. मार्गाची आखणी कार्यालयात बसून संगणकावर केली की असे घडावयाचेच. ज्या स्वच्छता निरीक्षकाने ती गल्ली पायांखाली घातली आहे, त्याच्याकडूनच ती आखणी करून घेणे इष्ट.

यंत्र गाडीवरून माणसाच्या अंगावर आले की प्रश्न अधिक नाजूक होतो. नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली, तेव्हा कामगारांत नाराजी निर्माण झाली. हजेरीतील लबाडी थांबावी हा हेतू वाजवी होता. तथापि गोल्फच्या मैदानावर गाडी अडली तर खेळाडूची फार तर गैरसोय होते. येथे नोंद चुकली तर कामगाराची दिवसाची मजुरी बुडते. नोंदीवर हरकत घेण्याची व ती त्याच आठवड्यात ऐकून घेतली जाण्याची सोय नसेल, तर अशा यंत्राच्या आधारे मजुरी कापणे न्यायाचे होणार नाही.

आणि आता टँकर. नाशिक जिल्ह्याची रचना मोठी विलक्षण आहे. पश्चिमेस इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हा मुसळधार पावसाचा डोंगराळ पट्टा, तर पूर्वेस येवला, नांदगाव, चांदवड, सिन्नर हे अवर्षणप्रवण तालुके. पूर्वेकडे टंचाई पाऊस न पडल्यामुळे येते, तर पश्चिमेकडे पडलेले पाणी खडकावरून वाहून गेल्यामुळे. एप्रिल-मे महिन्यांत दोन्हीकडे टँकर धावू लागतात. टंचाईच्या काळात ग्रामीण भागात माणशी दिवसाला २० लिटर पाणी पुरविण्याचा निकष आहे. याचाच अर्थ बारा हजार लिटरच्या टँकरची एक खेप म्हणजे ६०० माणसांचे एका दिवसाचे पाणी. एक खेप कागदावर झाली आणि गावात झाली नाही, तर ६०० माणसे त्या दिवशी कोरडी राहतात.

म्हणूनच शासनाने टँकरवर जीपीएस बंधनकारक केले व देयके देताना त्याच्या नोंदी तपासण्याचे धोरण ठेवले. निर्णय स्तुत्य आहे यात शंका नाही. परंतु यंत्र जे सांगते ते टँकरविषयी सांगते, पाण्याविषयी नाही. टँकर गावात आला हे कळते. तो भरलेला होता की वाटेत गळून निम्मा झाला होता, हे कळत नाही. तो विहिरीपाशी आला हे कळते. त्यातील पाणी विहिरीत पडले की जवळच्या एखाद्या बागेत गेले, हे कळत नाही. यासाठी दुसरा पुरावा लागतो, आणि तो पंचायतीच्या हातात आहे.

पंचायत सदस्यांनी येथे चार गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली गोष्ट विहिरीच्या नोंदीची. यंत्रणेत प्रत्येक विहिरीचे अक्षांश-रेखांश भरलेले असतात आणि तिच्याभोवती एक आभासी वर्तुळ आखलेले असते. एक अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. हा आकडा दशांश चिन्हापुढे दोनच स्थानांपर्यंत लिहिला तर विहीर एका किलोमीटरपर्यंत इकडची तिकडे होऊ शकते. चार स्थाने लिहिली तर चूक अकरा मीटरांच्या आत येते. शाळेतील शिक्षकाने सातवी-आठवीच्या मुलांना मोबाइल घेऊन विहिरीवर नेले आणि हे आकडे पाच स्थानांपर्यंत टिपून आणावयास सांगितले, तर भूगोलाचा उत्तम पाठ होईल व गावाचे कामही होईल. दुसरी गोष्ट थांब्याच्या वेळेची. बारा हजार लिटर पाणी नळीवाटे रिकामे होण्यास बराच वेळ लागतो. तो किती लागतो हे एकदा गावकऱ्यांदेखत घड्याळ लावून पाहावे. पुढे एखाद्या खेपेस टँकर विहिरीपाशी दोनच मिनिटे थांबल्याचे नोंदीत दिसले, तर त्या खेपेचा जाब विचारता येतो.

तिसरी गोष्ट नोंदवहीची. टँकरबरोबरच्या वहीत खेपेची नोंद होऊन गावातील माणसाची सही घेतली जाते. अनेक गावी ही सही आठवड्याची एकदम करण्याची प्रथा पडून गेली आहे. ज्या बाया प्रत्यक्ष पाणी भरतात, त्यांच्यापैकी कोणी त्याच वेळी सही केली तर त्या सहीस मोल आहे. ही वही आणि यंत्राची नोंद ग्रामसभेत शेजारी ठेवून वाचावी. यंत्राची नोंद सहजासहजी मिळाली नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये ती मागण्याचा मार्ग मोकळा आहे.

चौथी गोष्ट डोंगरी गावांची. सुरगाणा किंवा पेठेकडील पाड्यांवर मोबाइलचे जाळे अनेक ठिकाणी पोहोचत नाही. अशा ठिकाणी उपग्रहाचे संदेश मिळत असतात, परंतु यंत्राला ते ठिकाण कार्यालयास कळविता येत नाही. तालुक्याच्या पडद्यावर टँकर एकाएकी नाहीसा होतो. चांगले यंत्र या नोंदी साठवून ठेवते आणि जाळे मिळताच पाठविते. तसेच कोणी त्याची तार काढली तर आतील विजेरीवर चालू राहून तशी सूचनाही देते. सबब पडद्यावर टँकर दिसेनासा झाला एवढ्यावरून चालकास चोर ठरवू नये आणि ‘तेथे जाळे नाही’ या सबबीवर तार काढणाऱ्यास मोकळेही सोडू नये. दुसऱ्या दिवशीची साठवलेली नोंद पाहून निर्णय करावा. याखेरीज जेथे टँकर पाड्यापर्यंत चढूच शकत नाही, तेथे पाणी पायथ्याच्या विहिरीत ओतले जाते. नोंदीप्रमाणे खेप पूर्ण होते, आणि बायांची डोक्यावर हंडे घेऊन चढण तेथून सुरू होते. तो रस्ता कोणत्याही यंत्रात मोजला जात नाही. पंचायतीने तो आपल्या ठरावात मीटरांत लिहून पाठविला पाहिजे.

नाशिकपुढे याहून मोठी कसोटी सिंहस्थ कुंभमेळ्याची आहे. जाहीर कार्यक्रमानुसार ३१ ऑक्टोबर २०२६ हा ध्वजारोहणाचा आणि २ ऑगस्ट २०२७ हा पहिल्या अमृतस्नानाचा दिवस. मागील सिंहस्थात, २०१५ साली, बाहेरगावच्या गाड्या शहराबाहेरील वाहनतळांवर थांबवून भाविकांना बसगाड्यांनी आत आणण्यात आले. ही रचना गोल्फच्या मैदानाशी सर्वांत मिळतीजुळती म्हणावी लागेल : आखलेली सीमा, ठरलेले मार्ग आणि ठरलेल्या गाड्या. तरीही पहिल्या पर्वणीस बंदोबस्त इतका कडक झाला की भाविकांना लांबची पायपीट करावी लागली, त्यावर टीका झाली आणि दुसऱ्या पर्वणीस बंधने सैल करण्यात आली. गोल्फच्या मैदानावर पाऊस थांबताच व्यवस्थापक कुंपणाची रेषा बदलतो. कुंभमेळ्यात दुपारी बारा वाजता एखाद्या मार्गावरील कुंपण अर्धा किलोमीटर पुढे सरकविण्याचा अधिकार नेमका कोणास, पोलिसांस, महानगरपालिकेस की मेळा अधिकाऱ्यास, आणि तो बदल बसचालकापर्यंत किती मिनिटांत पोहोचेल, हे यंत्रखरेदीच्या निविदेत लिहिलेले नसते. ते आधी ठरवून, प्रत्यक्ष गाड्या चालवून पाहावे लागेल.

बसगाड्यांचा ठावठिकाणा लागला तरी बसमधून उतरून रामकुंडाकडे निघालेला माणूस त्या नकाशावर नसतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी सरदार चौकाच्या परिसरात जी चेंगराचेंगरी होऊन ३९ जणांचा मृत्यू झाला, ती पायी चालणाऱ्यांची होती. २०१५ च्या सिंहस्थापूर्वी नाशिकमध्ये भरलेल्या ‘कुंभथॉन’ या उपक्रमात तरुणांनी रस्त्यावर अंथरावयाची एक चटई तयार केली होती. तिच्यावरून जाणाऱ्या पावलांच्या दाबावरून किती माणसे पुढे गेली याची गणती होत असे. गोदाघाटाकडे उतरणाऱ्या प्रत्येक चिंचोळ्या वाटेच्या तोंडाशी अशी गणती ठेवून तिचा आकडा बसगाड्यांच्या पडद्याशेजारीच दिसेल अशी तजवीज झाली, तर वाट भरत आल्याचे दिसताच बाह्य वाहनतळावरील पुढची बस दहा मिनिटे थांबवून ठेवता येईल.